करडईचं तेल जरूर खा, पण हृदयाच्या गोळ्या सोडू नका

तो मेसेज बहुतेकांच्या फॅमिली ग्रुपवर येऊन गेला असेल. रोज सकाळी उपाशीपोटी दोन चमचे करडईचं घाण्याचं तेल घ्या, तीन महिन्यांत ब्लॉकेज साफ, बायपास टळते. खाली हात जोडलेले आणि 'पुढे पाठवा, कुणाचा तरी जीव वाचेल'. मला हे वाचून राग येतो आणि भीतीही वाटते. करडईबद्दल मला मनापासून प्रेम आहे, म्हणून तर जास्तच.

माझं माहेर बार्शी तालुक्यातलं. आमच्याकडे रब्बीत ज्वारीच्या कडेने करडईचे पट्टे पेरायचे. पीक काटेरी, त्यामुळे गुरं आत शिरत नाहीत. कोवळी असताना लसणाची फोडणी देऊन तिची भाजी, सोबत भाकरी. काढणी भल्या पहाटे, दव असताना, कारण तेव्हा काटे जरा मऊ असतात. ऊन चढलं की हाताला फडकी गुंडाळूनसुद्धा टोचायचंच. वरचा पाऊस नसला तरी काळ्या रानातल्या ओलीवर तग धरणारं हे पीक. सोयाबीन आणि हरभऱ्यापुढे ते मागे पडत गेलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

तेल म्हणूनही ते चांगलंच आहे. नेहमीच्या करडईच्या तेलात साधारण ७० ते ७५ टक्के लिनोलेइक आम्ल असतं, म्हणजे ओमेगा-६ प्रकारची असंपृक्त चरबी, आणि संपृक्त चरबी, म्हणजे तूप-लोण्यात जास्त असते ती कोलेस्टेरॉल वाढवणारी, १० टक्क्यांच्या आत. घरात वनस्पती तूप किंवा पामतेल भरपूर वापरलं जात असेल आणि त्याच्या जागी करडई आली, तर रक्तातलं एलडीएल, ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो, ते काही प्रमाणात उतरतं. यात 'जागी' हा शब्द महत्त्वाचा. आहे त्या जेवणावर वरून दोन चमचे तेल प्यायल्याने फक्त सव्वादोनशे ते अडीचशे कॅलरी पोटात जातात.

आता ब्लॉकेजचं. मेसेजवाल्यांनी लोकांच्या डोक्यात बेसिनच्या तुंबलेल्या पाइपचं चित्र बसवलंय: वरून तेल ओतलं की घाण सुटून वाहून जाईल. शरीरात असं होत नाही. प्यायलेलं तेल आतड्यात पचतं, त्याचे बारीक कण होऊन ते रक्तात येतात आणि इतर चरबीसारखेच वापरले किंवा साठवले जातात. आणि ब्लॉकेज म्हणजे चरबीचा जो थर, तो रक्तवाहिनीच्या आतून चिकटलेला नसतो, तो तिच्या भिंतीच्या आत साचलेला असतो. तेलाने धुऊन निघावा असा तो नाहीच. हेच छातीला तेल चोळण्याबद्दलही. चोळल्याने बरं वाटतं, स्नायू सैलावतात, जरूर करा. पण त्वचेवरचं तेल हृदयाच्या धमनीतला थर काढत नाही.

करडईच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जी कुठल्याही जाहिरातीत तुम्हाला सापडणार नाही. ऑस्ट्रेलियात सिडनीला १९६६ ते १९७३ या काळात एक प्रयोग झाला. हृदयविकाराचा त्रास नुकताच होऊन गेलेले ४५८ पुरुष, वय ३० ते ५९. त्यातल्या एका गटाला लोणी वगैरे कमी करून करडईचं तेल आणि त्याच तेलाचं मार्गरीन, म्हणजे तेलापासून केलेलं लोण्यासारखं घट्ट, दिलं. त्या गटाचं कोलेस्टेरॉल खरंच उतरलं. पण २०१३ मध्ये संशोधकांनी जुन्या चुंबकीय टेपवरची माहिती परत मिळवून हिशेब मांडला, तेव्हा दिसलं की तेल घेणाऱ्या गटात मृत्यू जास्त झाले होते: १७.६ टक्के, दुसऱ्या गटात ११.८. त्यावर वाद आहेत. प्रयोग लहान होता, त्या काळच्या मार्गरीनमध्ये ट्रान्स फॅट, म्हणजे हृदयाला घातक अशी चरबी, असण्याचा आक्षेपही आहे. म्हणून करडई विषारी ठरत नाही, आणि अमेरिकन हार्ट असोसिएशन आजही संपृक्त चरबीऐवजी अशी वनस्पती तेलं वापरायला सांगते. पण हृदयरोग्याने भरपूर करडई प्यावी, या सल्ल्याला मात्र हा प्रयोग अजिबात पाठिंबा देत नाही.

हे सगळं मी मामांमुळे वाचलं. त्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे. कुणीतरी त्यांना 'हृदयासाठी हर्बल तेल' म्हणून एक बाटली दिली होती. मी ती हातात घेऊन पाहिली. पुढे लाल हृदयाचं चित्र, '१०० टक्के नैसर्गिक', मागे घटकांची यादी नाही, बॅच नंबर नाही, परवाना क्रमांक नाही, उत्पादनाची तारीखसुद्धा नाही. वास करडईचा आणि लसणाचा. तेल सुरू झाल्यावर मामांनी कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली होती. मामी म्हणाली, "अगं, त्यांना वाटलं, तेच काम हे करतंय." डॉक्टरांनी ७० च्या आत ठेवायला सांगितलेलं एलडीएल तपासणीत १४० च्या वर निघालं. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या त्यांनी सोडल्या नव्हत्या, हे नशीब. अँजिओप्लास्टीत धमनीत बसवतात तो स्टेंट म्हणजे धातूची जाळी असते, आणि विशेषतः सुरुवातीच्या महिन्यांत त्या गोळ्या अचानक थांबवल्या तर जाळीतच गुठळी होऊन झटका येऊ शकतो. त्या विचाराने माझ्या अजूनही अंगावर काटा येतो.

असं तेल विकणाऱ्यांना कायदा माहीत नसतो असं मला वाटत नाही. औषधे आणि जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ चा आहे. ज्या आजारांवर उपचाराचा दावा करणारी जाहिरात करता येत नाही, त्या यादीत हृदयविकार आहे आणि रक्तदाबही. तुमच्याकडे अशी जाहिरात आली तर स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. नुसता मेसेज डिलीट करून भागत नाही.

घरात करडई वापरायची तर जेवण बनवायला वापरा, भाजीला, फोडणीला. सगळी तेलं धरून डॉक्टर मंडळी माणशी महिन्याला साधारण अर्धा लिटर सांगतात, त्यात बसवा. घाण्याचं, न शुद्ध केलेलं तेल तळणीला पुन्हा पुन्हा तापवू नका, ते लवकर खराब होतं. बाटली अंधारात, घट्ट झाकणाची ठेवा. जमलं तर एक महिना करडई, एक महिना शेंगदाणा असं फिरवत राहा. कुठल्याही तेलाची किंवा लसणाची कॅप्सूल सुरू करायची असेल तर आधी तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसोबत लसणाचा अर्क रक्तस्राव वाढवू शकतो.

बार्शी, परभणी किंवा फलटणकडे स्वतःच्या रानातली करडई घाण्यावर गाळून विकणारे शेतकरी तुमच्या ओळखीचे असतील तर कमेंटमध्ये गाव आणि भाव लिहा, मला घ्यायची आहे आणि अनेक जण विचारत असतात. ब्लॉकेज साफ करून देतो म्हणणाऱ्यांचे नंबर मात्र टाकू नका, मी ते काढून टाकेन.