१५ ऑगस्ट, मरियामाता आणि एक चुकीचा संदेश

दरवर्षी ऑगस्ट उजाडला की एक संदेश फिरू लागतो: "१५ ऑगस्टला चर्चमध्ये स्वातंत्र्य नव्हे, मरियेचा सण साजरा होतो. त्यांच्या धर्मात आत्म्याचीच मुक्ती, देशाची नाही." त्यात अर्धंच खरं आहे, म्हणून हा खुलासा.

येशूची आई मरिया हिच्या स्वर्गोन्नयनाचा, म्हणजे तिला स्वर्गात घेतलं गेल्याचा सण १५ ऑगस्टलाच येतो, पण तो शतकानुशतकं जुना आहे. स्वातंत्र्याची तारीख माउंटबॅटन यांनी ठरवली, ती जपानच्या शरणागतीच्या दुसऱ्या वर्धापनदिनाची. दोन्हींची गाठ योगायोगाने पडली.

आता आत्म्याच्या मुक्तीबद्दल. पाप करणारा पापाचा दास आहे, असं येशू म्हणतो (बायबल, योहान ८:३४). ही गुलामी झेंडा बदलून सुटत नाही, हे आम्ही ख्रिस्ती मानतोच. पण म्हणून देशाचं स्वातंत्र्य क्षुल्लक ठरत नाही. त्याच सणाच्या मिस्सेत (चर्चमधल्या उपासनेत) मरियेचं स्तोत्र वाचतात. देव सत्ताधीशांना आसनावरून खाली खेचतो आणि दीनांना उंचावतो, असं ती गाते. हे गाणाऱ्याला परकी सत्ता कशी मानवेल? आणि बायबलमध्ये प्रेषित पौल गलतीकरांना, म्हणजे गलतियातल्या ख्रिस्ती लोकांना, पत्रातून बजावतो की मिळालेलं स्वातंत्र्य स्वैराचारासाठी नाही, प्रेमाने एकमेकांची सेवा करण्यासाठी आहे.

माझगावचे काका बाप्टिस्टा ख्रिस्तीच होते. लोकमान्यांचे सहकारी. १९१६ मध्ये बेळगावात स्थापन झालेल्या, स्वराज्य मागणाऱ्या होमरूल लीगचे ते पहिले अध्यक्ष. हा संदेश पुढे पाठवण्याआधी त्यांचं नाव तरी आठवावं, एवढी कळकळीची विनंती.