मिडी कीबोर्डला पुढची विंडो कळत नाही

घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर सारखा फिरतो. त्याचा सारांश असा: मिडी कीबोर्ड (कॉम्प्युटरला आवाज नव्हे, तर कुठली पट्टी दाबली याचे संदेश पाठवणारा पियानोसारखा कीबोर्ड) टायपिंगच्या कीबोर्डसारखाच असतो, जो प्रोग्राम समोर असेल त्यालाच सूर जातात. तसं झालं नाही तर केबल किंवा ड्रायव्हर (उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर) बिघडला समजा. केबल काढून पुन्हा लावा, नाहीतर लूपमिडी नावाचं सॉफ्टवेअर टाका. आणि ही कटकटच नको असेल तर मॅक घ्या.

पहिल्या वाक्यापासूनच गडबड आहे. टाइप केलेली अक्षरं कुठल्या विंडोला द्यायची हे ऑपरेटिंग सिस्टिम ठरवते आणि समोरच्या विंडोला देते. मिडीत विंडोचा संबंधच येत नाही. संगीताचा प्रोग्राम सुरू झाला की तो कीबोर्डचं इनपुट पोर्ट, म्हणजे त्याचे संदेश आत येण्याचं दार, उघडतो आणि बहुतेक वेळा स्वतः बंद होईपर्यंत धरून बसतो, मिनिमाइज केला तरी. विंडोजच्या जुन्या मिडी व्यवस्थेत बहुतेक यूएसबी कीबोर्डचं पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रामला मिळतं. काही कंपन्या स्वतःचा ड्रायव्हर देतात आणि त्यात पोर्ट अनेकांना वाटता येतं, पण ते त्या त्या मॉडेलपुरतं. समजा, रीपर या रेकॉर्डिंगच्या प्रोग्राममध्ये अभंगाची चाल रेकॉर्ड करताय आणि मध्येच नोटेशन उतरवायला म्यूझस्कोर उघडलंत. समोर म्यूझस्कोर, पोर्ट मात्र रीपरच्या ताब्यात. पट्ट्या कितीही बडवा, कागदावर एक स्वर उमटणार नाही. इथे केबलला दोष देणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

विंडोजही यात भर घालतं. पोर्ट दुसऱ्याने धरलेलं असताना अनेकदा जो संदेश येतो त्यात ‘या कामासाठी पुरेशी मेमरी नाही, एखादा प्रोग्राम बंद करून पाहा’ अशा अर्थाचा मजकूर असतो. तो वाचून लोक रॅम वाढवायच्या गोष्टी करतात! रॅमचा इथे काही संबंध नाही. त्यातलं ‘एखादा प्रोग्राम बंद करा’ एवढंच कामाचं, आणि तो कुठला हे शोधायचं असतं. कित्येकदा तो संगीताचा प्रोग्राम नसतोच, ब्राउझर असतो. क्रोमला 2015 पासून वेबपेजवरून मिडी वाचता येतं. ऑनलाइन पियानोचा एखादा टॅब मागे उघडा राहिला असेल तर पोर्ट त्याने धरलेलं असू शकतं. आधी तो टॅब बंद करून पाहा.

आता केबल काढून लावण्याचा सल्ला. कधीकधी याने काम होतं, म्हणूनच तो टिकून आहे. पण पोर्ट उघडं असताना केबल ओढली तर काही प्रोग्राम अडकतात, काहींना कीबोर्ड परत दिसण्यासाठी प्रोग्रामच पुन्हा सुरू करावा लागतो. वर केबल दुसऱ्या यूएसबी सॉकेटमध्ये गेली तर विंडोज तोच कीबोर्ड नवीन समजून नावाआधी ‘2-’ लावू शकतं. मग आधीच्या नावावर केलेली सगळी सेटिंग्ज वाया. आगीतून फुफाट्यात.

त्यापेक्षा पोर्ट सोडवून घ्या. रीपरच्या प्रेफरन्सेसमध्ये मिडी इनपुटच्या यादीत कीबोर्डवर राइट-क्लिक करून इनपुट बंद करा, मग म्यूझस्कोरच्या सेटिंगमध्ये तो पुन्हा निवडा. प्रोजेक्ट बंद करायची गरज नाही. परत जाताना हेच उलट.

लूपमिडी चांगलं साधन आहे, पण ते काय करतं हे त्या मजकुरात कोणीच लिहिलेलं नाही. ते फक्त कॉम्प्युटरच्या आत एक काल्पनिक वायर तयार करतं. तुमच्या कीबोर्डला ते हातही लावत नाही. कीबोर्डचं खरं पोर्ट मिडी-ऑक्ससारख्या एखाद्या प्रोग्रामने उघडायचं, तिथून प्रत्येक प्रोग्रामसाठी एकेक वायर काढायची, आणि प्रत्येक प्रोग्राममध्ये खरा कीबोर्ड बंद करून ती वायर निवडायची. ही शेवटची पायरी राहिली की पुन्हा तीच मारामारी. याने सूर उशिरा येतात ही तक्रारही मला पटत नाही. जुन्या पाच पिनांच्या केबलवरूनसुद्धा एक स्वर साधारण 1 मिलिसेकंदात पोचतो. 44,100 च्या सॅम्पल रेटला (सेकंदाला आवाजाचे तेवढे नमुने) 512 नमुन्यांचा ऑडिओ बफर, म्हणजे वाजण्याआधी साठवलेला आवाजाचा तुकडा, एकटाच साडेअकरा मिलिसेकंद खातो. उशीर वाटला तर आधी बफर कमी करा.

मॅकवर पोर्ट अनेक प्रोग्रामना एकदम मिळतं हे खरं. विंडोज 11 साठी मायक्रोसॉफ्टने विंडोज मिडी सर्व्हिसेस नावाची जी नवी व्यवस्था हाती घेतली, तिचाही रोख तोच आहे. पण वाटून मिळालं म्हणजे कटकट संपली असं नाही. दोन प्रोग्रामनी तोच कीबोर्ड निवडला असेल, तर एक पट्टी दाबली की दोन्हीकडून आवाज. तिथेही नको त्या प्रोग्राममधलं इनपुट तुम्हालाच बंद करायचं आहे.

या सगळ्या भानगडीत एक फरक कोणी करतच नाही: मिडी अडलंय की ऑडिओ? पट्टी दाबल्यावर ट्रॅकवरचा मीटर हलला पण आवाज आला नाही, तर मिडी व्यवस्थित पोचलंय, अडचण ऑडिओकडे आहे. ऑडिओ ड्रायव्हर दुसऱ्याने अडवलेला असू शकतो. क्यूबेस या रेकॉर्डिंगच्या प्रोग्राममध्ये, त्याची विंडो मागे गेल्यावर ड्रायव्हर सोडण्याचा जो पर्याय आहे, तो या ऑडिओसाठी. तो लावून मिडी सुटायची वाट पाहू नका. मीटरच हलला नाही, तर मात्र पोर्टाकडे बघा.

आणि पट्टी किंवा सस्टेन पेडल दाबलेलं असताना इनपुट बदलू नका. सोडल्याचा संदेश पहिल्या प्रोग्रामपर्यंत पोचत नाही आणि सूर तसाच वाजत राहतो. तसं झालंच तर त्या प्रोग्राममधला पॅनिकचा किंवा सगळे स्वर थांबवण्याचा आदेश वापरा.