हद्द झाली राव!

न्हावा शेवा बंदरातून कंटेनर उचलायचा आणि वसईला टाकायचा, बास, एवढंच काम. पण वाटेत नवी मुंबई, ठाणे, मग मीरा-भाईंदर वसई-विरार, 3 पोलीस आयुक्तालयं, आणि अवजड वाहनांची बंदी ज्याच्या त्याच्या घड्याळाने! इकडचे सोडतात तोवर पुढच्यांची नो एन्ट्री सुरू, मग ड्रायव्हर बसतो शिळफाट्याला चहा पीत, इकडे भाडं चढतंय, पार्टी फोनवर फोन करतेय. घोडबंदरला गायमुख ओलांडलं की साहेब बदलले, नियम बदलले, खड्डे मात्र तेच (तेवढा एक समन्वय छान आहे). अहो, एमएमआरमध्ये (मुंबई महानगर प्रदेशात) 9 महापालिका, 4 आयुक्तालयं, एक व्हॉट्सॲप ग्रुप नाही काढता येत? आणि बंदीच्या वेळात गाड्या उभ्या करायला ट्रक टर्मिनल? ते कायम शेजारच्याच हद्दीत होणार!