टाकीवाले साहेब

सोलापुरात टाक्या धुण्याचा धंदा करायचा तर वार-तिथी-मुहूर्त बघून भागत नाही. गल्लीत पाणी कधी येणार, एवढंच बघायचं. उजनीचं पाणी शंभरावर किलोमीटर पाइपातून येतं, आणि आलं तरी रोज येत नाही. चार-पाच दिवसांनी पाळी, मध्येच पाइप फुटला की आणखी पुढे. म्हणून इथं घर बांधताना आधी टाक्या, मग देवघर, आणि जागा उरलीच तर माणसं. खाली हौद, गच्चीवर काळी प्लॅस्टिकची टाकी, शिवाय मोरीत पिंप. एवढ्या टाक्यांच्या गावात टाक्या धुणारा उपाशी मरणार नाही, हा माझा हिशेब. तो बरोबरच होता. अडचण एवढीच की भरलेली टाकी धुता येत नाही, कारण आतलं पाणी कोण ओतू देणार? आणि रिकामी टाकीही धुता येत नाही, कारण धुवायला पाणी कुठाय?

त्याआधी मी एका सरकारी कार्यालयात लिपिक होतो. पेन्शनच्या 1982 च्या नियमांत वीस वर्षांची सेवा झाली की तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते. मी नोटीस ठेवली तेव्हा साहेबांनी अर्ज उलटसुलट करून पाहिला आणि हळूच विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?"

घरी अर्थातच काही ठीक नव्हतं. आमच्या वडिलांची पिढी गिरणीच्या भोंग्यावर उठायची. 1877 साली सुरू झालेली जुनी गिरणी बंद पडली, पुढे एकेक करत बाकीच्याही आटोपल्या, आणि भोंग्याबरोबर ज्यांचा पगार गेला त्यांनी पोरांना एकच शिकवलं: सरकारी धर आणि सोडू नको. त्या घरात मी स्वतःहून सोडली. आईनं भर दुपारी देवापुढं दिवा लावला. मामांनी फोनवर थेट विचारलं, "काय करूलालास बे? पैशाची भानगड तर नाही ना?" मी म्हटलं, सफाईचा धंदा काढतोय. पलीकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. आता लग्नाकार्यात ते माझी ओळख करून देतात, "हा भाचा. हायजीनमध्ये असतो."

उद्यम नोंदणी करताना धंद्याचा सांकेतांक निवडावा लागतो. आमचा 81210, इमारतींची सर्वसाधारण सफाई. बायकोनं माझ्या खांद्यावरून वाचलं आणि म्हणाली, "अहो, यात आपली इमारत येते का?"

सामानाचं मात्र सोलापुरात सुख आहे. लोक परदेशी फडकी मागवतात, मी टेरी टॉवेलचा डागी माल किलोवर आणतो. पाणी शोषायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. फक्त काम संपलं की टॉवेल मोजून घ्यावे लागतात. "इतका चांगला टॉवेल पुसायला? राहू दे की इथं एक," असं म्हणणारी माउली दर घरात भेटते.

दुसरी भानगड ॲसिडची. बोअरच्या पाण्यानं न्हाणीघरात पांढरा थर चढतो, आणि त्यावर प्रत्येक आजोबांकडे एकच उपाय असतो: "ॲसिड ओता की." मी सांगतो, आजोबा, ॲसिड क्षार खातं तसंच संगमरवरही खातं. आणि त्यात ब्लीचिंग पावडर पडली तर क्लोरीन वायू सुटतो, मग फरशी राहील स्वच्छ पण बघायला आपण राहणार नाही. आजोबा म्हणतात, "आम्ही जन्मभर टाकत आलोय." त्यांच्या पायाखालची खडबडीत फरशी तेच सांगत असते.

मध्यंतरी आमच्या जुन्या कार्यालयातूनच फोन आला. गच्चीवरची टाकी धुवायची आहे, दरपत्रक द्या, आणि आणखी दोघांची दरपत्रकंही तुम्हीच आणा. मी दिली. फाइल कुठवर आली म्हणून विचारलं तर कळलं, माझ्याच जुन्या टेबलावर आहे, आणि त्या टेबलावर अजून कोणी रुजू झालेलं नाही. टाकी तशीच आहे, लोक घरून बाटली आणतात.

पण खरी परीक्षा जुळे सोलापुरातल्या अक्कांच्या घरी झाली. मे महिना. पाणी उद्या पहाटे, असं चावीवाल्यानं सांगितलेलं, म्हणून टाकी आज. मी आणि माझा मदतनीस पोरगा सकाळी सहालाच गच्चीवर, कारण नंतर त्या काळ्या टाकीत माणूस शिजतो. तळाशी हातभर पाणी होतं. मी तोटी सोडणार तोच अक्का ओरडल्या, "थांबा!" मग घरातून हंडे, कळश्या, पातेली, दोन कुकर आणि मुलीची शाळेची बाटली, अशी मिरवणूक वर आली. सगळं पाणी उतरवून घेतल्यावर अक्कांनी त्यातल्या दोन बादल्या माझ्यापुढं ठेवल्या. "एवढ्यात बसवा." हजार लिटरची टाकी, दोन बादल्या. आणि धुतलेलं पाणीही गटारात नको, कुंड्यांना हवं होतं.

झाकणातून आत उतरायचं म्हणजे एक हात वर करून, श्वास सोडून, पोट मागच्या जन्मात ठेवून उतरायचं. आत गाळाचा बोटभर थर, त्याच्या पोटात एक स्टीलचा पेला, चेंडू आणि एका बाहुलीचा पाय. पेला वर दिला तर अक्का गहिवरल्या. कामवाल्या बाईवर त्याचा आळ आला होता म्हणे. मी ब्रशनं एक बाजू घासून दुसरीकडे वळलो होतो, तेवढ्यात गल्लीतून आरोळी उठली, "पाणी आलं!"

एक दिवस आधी. सोलापूरच्या माणसाला ही आरोळी ऐकू आली की त्याचा हात आपोआप मोटारीच्या बटणावर जातो, मधे मेंदू लागत नाही. अक्का जिना उतरून कधी गेल्या, कळलंही नाही. माझ्या डोक्यावर धार पडली. वरून पोरगा ओरडतोय, "साहेब, पाणी येऊलालंय!" ही बातमी मला सर्वांत आधी मिळाली होती. मी म्हटलं, "मोटार बंद करायला सांग." खालून अक्कांचा आवाज, "बंद नाही करता येत हो, पाणी जाईल! तुम्ही तसंच घासा की, आता तर भरपूर पाणी आहे!"

मुद्दा बिनतोड होता. गुडघाभर पाण्यात मी उरलेली बाजू घासली, आणि पाणी कमरेला लागल्यावर बाहेर निघालो. अक्कांनी डोकावून पाहिलं. "छान झाली. हे पाणी धुण्याला काढते, पिण्याचं हौदातनं घेऊ." मी ज्या पाण्यात उभा होतो त्याची एवढ्या झटपट वाटणी झाली की मला राग यावा की कौतुक वाटावं, ठरेना. टाकी निर्जंतुक करायची राहिलीच होती. तिला पुन्हा रिकामी करणं आलं, म्हणजे पुढची पाळी.

तोवर फोन सुरू झाले. त्याच गल्लीतल्या सगळ्यांच्या टाक्या त्या दिवशी माझ्याकडे होत्या. "टाकी भरली हो, आज नको. पुढच्या पाण्याच्या आदल्या दिवशी या." सगळ्यांचा आदला दिवस एकच.

अक्कांनी अर्धे पैसे हातावर ठेवले. "राहिलेलं काम केल्यावर राहिलेले. पुढचं पाणी कधी?"

मी चावीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "बरं झालं साहेब फोन केला, आमच्या घरचीपण टाकी धुवायची आहे. कधी येता?"

"आधी पाणी कधी सोडणार ते सांग."

"वरून निरोप येईल तसं."

"मग मीपण तसाच येतो," मी म्हटलं.