बेस्टचा तोटा आणि कोस्टल रोडचा हिशोब

मुंबईत कुठेही गप्पांमध्ये महापालिकेचा खर्च निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: बेस्टची बससेवा तोट्यात आहे, किती दिवस पोसायची? मला हा प्रश्नच चुकीच्या टोकाने विचारलेला वाटतो.

२०२५-२६ चं मुंबई महापालिकेचं बजेट ७४,४२७ कोटींचं होतं. त्यात बेस्टला दिले १,००० कोटी, म्हणजे शंभर रुपयांतला साधारण सव्वा रुपया. आणि त्याच वर्षी, मे २०२५ मध्ये, साध्या बसचं किमान भाडं ५ रुपयांवरून १० झालं. धुण्याभांड्याच्या कामाला जाताना दोन बस बदलाव्या लागणाऱ्या बाईचा हिशोब करा. रोज चार तिकिटं, २० चे ४० रुपये. महिन्याचे २५ दिवस सुटी तिकिटं काढली तर ५०० चे १,००० झाले. तिचा पगार त्या महिन्यात किती वाढला, हे कुणी विचारलं का?

आता समुद्रकिनाऱ्याने बांधलेला कोस्टल रोड घ्या. साडेदहा किलोमीटर, खर्च १३ हजार कोटींच्या वर, तोही महापालिकेच्या तिजोरीतून. टोल नाही. दुचाकी आणि रिक्षाला बंदी. म्हणजे बहुतांश फायदा गाडीवाल्यांचा. पण तो रोड तोट्यात आहे असं मी एकदाही ऐकलं नाही. रस्त्याचा खर्च म्हणजे विकास आणि बसचा खर्च म्हणजे तोटा, हे कुणी ठरवलं? रस्ता नको असं मी म्हणत नाही, पण जी फूटपट्टी बसला लावता ती त्यालाही लावा.

सकाळी परळला महापालिकेच्या केईएम हॉस्पिटलपाशी थांबणाऱ्या बसमधून कोण उतरतं ते बघा. काखेत एक्स-रेचा मोठा लिफाफा, प्लॅस्टिकच्या पिशवीत केसपेपर, दुसऱ्या हाताने म्हाताऱ्या आईला धरलेलं. या माणसासाठी बस आणि हॉस्पिटल या वेगळ्या सेवा नाहीतच. बस परवडली नाही तर तो तपासणी पुढे ढकलतो आणि आजार वाढवून येतो. तो खर्च पुन्हा महापालिकेच्याच हॉस्पिटलवर पडतो, फक्त बेस्टच्या ताळेबंदात दिसत नाही.

पूर्वी बेस्टच्याच वीज विभागाच्या पैशातून बसचा तोटा भरून निघायचा. तो मार्ग बंद झाला. मग स्वतःच्या बस कमी करत खाजगी कंपन्यांच्या कंत्राटी बस आणल्या, कारण कागदावर त्या स्वस्त पडतात. डिसेंबर २०२४ मध्ये कुर्ल्याला अशीच एक बस गर्दीत घुसली, माणसं गेली, आणि तेव्हा कुठे ड्रायव्हरच्या ट्रेनिंगची चर्चा झाली. वाचवलेल्या पैशाची किंमत कोण मोजतं, ते तिथे दिसलं.

काटकसर करायचीच असेल तर खांबांना गुंडाळलेल्या रंगीत दिव्यांपासून आणि धडधाकट फुटपाथ उखडून पुन्हा पेव्हर ब्लॉक बसवण्यापासून करा. त्यांच्याविना कुणाचं काम अडत नाही.

माझी मागणी सरळ आहे. पुढच्या बजेटमध्ये दोन आकडे शेजारी शेजारी छापा: बसच्या एका प्रवाशामागे महापालिकेचे किती रुपये जातात, आणि कोस्टल रोडवरच्या एका माणसामागे किती. आणि तोवर त्या रोडची एक लेन फक्त बससाठी राखून ठेवा.