नवरा बेपत्ता आहे? सात वर्षं नुसतं थांबू नका

नवरा बेपत्ता झाला की नातेवाइकांचा एकच सल्ला असतो: "सात वर्षं थांब, मग सरकार त्याला मयत धरतंच." सरकार आपणहून काहीही धरत नाही. आणि नुसतं थांबल्यामुळे हक्काचे पैसे जातात.

कायदा काय म्हणतो? जुन्या पुरावा कायद्याचं कलम १०८, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १११. माणूस जिवंत असता तर ज्यांना साहजिकच त्याची खबर लागली असती, त्यांना सात वर्षं काहीच कळलं नसेल, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर येते. बस्स. तेही कोर्टात प्रश्न उभा राहिला तर.

म्हणून पहिलं काम पोलीस ठाण्यात मिसिंगची (बेपत्ता असल्याची) तक्रार दाखल करणं. "येईल परत, उगाच बदनामी नको" म्हणून वर्ष-दोन वर्षं घालवली की पुढे शेवटची खबर नक्की कधीची, हे दाखवणारा एकही कागद हाती राहत नाही.

नवरा केंद्र सरकारी नोकर असेल तर सात वर्षं थांबायचं कारणच नाही. तक्रारीला सहा महिने झाले की कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज करता येतो. सोबत तक्रारीची प्रत, शोध लागला नाही असा पोलिसांचा अहवाल आणि तो परत आला तर रक्कम फेडण्याचं हमीपत्र. थकीत पगार, जीपीएफ (भविष्य निर्वाह निधी), रजेचे पैसेही मागता येतात. मृत्यू-उपदान (मृत्यूनंतरची ग्रॅच्युइटी) आणि निवृत्ती-उपदान यांतला फरक मात्र मृत्यू सिद्ध झाल्यावर किंवा सात वर्षांनीच.

सगळ्यात जास्त फटका विम्यात बसतो. एलआयसी विरुद्ध अनुराधा या २००४ च्या निकालात सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलंय की सहा वर्षं ३६४ दिवस झाले तरी माणूस मयत असल्याचं हे गृहीतक लागू होत नाही, आणि लागू झालं तरी त्यातून मृत्यूची तारीख ठरत नाही. बेपत्ता झाला त्याच दिवशी गेला असं कोर्ट मानत नाही, तो पुरावा तुम्ही द्यायचा. तोवर हप्ते थकले तर पॉलिसी लॅप्स, आणि हाती फार तर पेड-अप, म्हणजे भरलेल्या हप्त्यांपुरती कमी झालेली रक्कम. पोटाला चिमटा घेऊन का होईना, हप्ते चालू ठेवा.

सात वर्षं झाली की मग दिवाणी दावा. विशिष्ट साहाय्य कायदा १९६३, कलम ३४. "मृत घोषित करा" एवढीच मागणी ठेवली तर दावा टिकणं अवघड. मृत्यूचा दाखला द्या, पेन्शन द्या, रक्कम द्या हेही त्यातच मागा, आणि विमा कंपनी, बँक, कार्यालय, मृत्यू नोंदणारी पालिका किंवा ग्रामपंचायत, सासरची माणसं यांना प्रतिवादी करा. जो पक्षकार नव्हता तो नंतर "हा हुकूमनामा आम्हाला लागू नाही" म्हणतो. प्रतिवादींत सरकार असेल तर दोन महिने आधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची नोटीस. आणि साक्षीला उभी राहिलेली सासू "मागच्या दिवाळीत फोन आला होता" म्हणाली, की दावा तिथेच संपला. त्यांच्याशी आधी बसून बोला.

बँकेत रक्कम लहान असेल तर दाव्याआधी विचारून बघा. बँकांनी ठरावीक मर्यादेपर्यंत तक्रार, पोलीस अहवाल आणि हमीपत्रावर दावे निकाली काढावेत, असं रिझर्व्ह बँकेनं २००८ मध्येच कळवलंय. काउंटरवरच्या माणसाला हे बहुधा ठाऊक नसतं, तेव्हा मॅनेजरकडे लेखी अर्ज द्या.

आणखी एक. हिंदू विवाह कायद्यात सात वर्षं खबर नसणं हे घटस्फोटाचंही कारण आहे. ते लवकर होतं म्हणून काही वकील तोच रस्ता दाखवतात. पुन्हा लग्न करायचं असेल तर ठीक. पण घटस्फोट घेतला की बायको कायद्यानं विधवा ठरत नाही, आणि पेन्शन विधवेला मिळते. अर्जावर सही करण्यापूर्वी वकिलाला हे तोंडावर विचारा.