होय, दिसतंयच घरी बनवलेलं

आज बहिणीकडं जेवायला गेलेले. पानावरून उठायच्या आत भाच्यानं मोबाईलवर माझ्या भाजणी-मेतकुटाच्या धंद्याची वेबसाइट उघडली आणि सगळ्यांपुढं म्हणाला, "मावशी, ही तू स्वतः बनवलीस ना? दिसतंयच." सगळे हसले, मीही हसले. घरी येईस्तोवर डोकं तापलं, म्हणून लिहितेय.

दिसतंयच म्हणजे काय रे? माझी भाजणी पण घरी बनवलेलीच दिसते, तिला मात्र लोक त्याच शब्दाचे दोन पैसे जास्त देतात.

जुन्या मंडळींना माझं पाउचप्रकरण पाठ आहे, त्यांनी हा पॅरा सोडा. तीन वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका मुलाला 18 हजार मोजून वेबसाइट करून घेतली. खोटं कशाला बोलू, आत्ताच्यापेक्षा देखणी होती, बॅनर आपोआप सरकायचे. त्या आनंदात मी 500 पाउच छापून घेतले, मागं वेबसाइटचा पत्ता. वर्ष संपलं आणि साइट बंद! डोमेन, म्हणजे साइटचं नाव-पत्ता, त्यानं स्वतःच्या ईमेलवरून स्वतःच्या नावावर घेतलेलं. म्हणजे घर माझ्या पैशानं आणि सातबारा त्याचा. आधी "करतो काकू", मग फोनच उचलेना. मुदत टळली, ते नाव दुसऱ्याच कुणीतरी घेतलं. मग मी आणि सासूबाई दुपारभर सतरंजीवर बसून उरलेल्या साडेतीनशे पाउचवर नव्या पत्त्याचे स्टिकर चिकटवतोय, एक सरळ तर दोन तिरके, आणि सासूबाई मध्येच विचारतायत, "पत्ता बदलला म्हणजे? आपण कुठं राहायला चाललोय?"

त्या सतरंजीवरच ठरवलं की आता जे होईल ते माझ्या हातानं.

सोपं नव्हतं हो. वर्डप्रेस, म्हणजे साइट बांधायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे म्हणतात, पण त्याचं डॉट कॉम वेगळं आणि डॉट ओआरजी वेगळं हे कळण्यात माझ्या दोन रात्री गेल्या. होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची भाड्याची जागा, पहिल्या वर्षी इतकं स्वस्त की वाटतं आपणच हुशार, रिन्यूअलचा आकडा खाली बारीक अक्षरात असतो तो बघा आधी. काही ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी ते कुलपाचं चिन्ह येतं ना, एसएसएल, साइट आणि गिऱ्हाईकामधलं मधल्या कुणाला वाचता येऊ नये म्हणून असतं ते, त्याचे वेगळे पैसे मागत होता एकजण, आणि लेट्स एनक्रिप्ट नावाच्या संस्थेचं ते फुकट मिळतं, माझ्या होस्टिंगमध्ये तर एका क्लिकवर होतं. या असल्या गोष्टींचा राग येतो मला, माहिती नसलेल्या माणसाला गाठायचं आणि कापायचं.

आणि मराठीचा घोळ वेगळाच. प्रेसवाल्यानं पाउचचा मजकूर श्रीलिपीत, म्हणजे छपाईवाल्यांच्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टात दिलेला, तो साइटवर चिकटवला तर 'मेतकूट'च्या जागी नुसती किडामुंगी! सगळं परत युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मोबाईलवर वाचता येतं तसं, टाइप केलं. मग मुक्त नावाचा फॉन्ट सापडला, मुंबईच्या 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्यांचा, फुकट, आणि जोडाक्षरं अशी सुरेख की तेवढ्यासाठी मी 'चकली' आणि 'थालीपीठ'च्या मध्ये उगाच 'उत्कृष्ट' लिहिलं. फोटो मोबाईलचे जसेच्या तसे टाकलेले, एकेक 5 एमबीचा, साइट उघडेपर्यंत गिऱ्हाईक चहा करून येईल. आता सगळे 200 केबीच्या आत आणलेत. सेटिंगमध्ये गूगलला येऊ नको सांगणारी एक टिक असते, साइट बांधताना मी लावली ती दोन महिने काढायची विसरले. होय, माझीच चूक, पण माझीच होती म्हणून मला काढता तरी आली.

आता म्हणाल, इन्स्टा असताना वेबसाइट कशाला. असेल बाबा, ज्याचं चालतं त्याचं चालतं. आणि रोजच्या शंभर ऑर्डरी, स्टॉक, ऑनलाइन पेमेंट असला पसारा असेल तर माणूस लावा, मान्य. मी पेमेंट गेटवेचा, म्हणजे साइटवरच पैसे घ्यायच्या सोयीचा, फॉर्म भरायला घेतलेला, त्यांनी रिफंड पॉलिसीचं पान मागितलं. भाजणीची काय पॉलिसी लिहू, थालीपीठ लावून झाल्यावर परत घेऊ? दिलं सोडून. व्हॉट्सअ‍ॅपचं बटण आहे, क्यूआर आहे, भागतं माझं.

पण माणूस लावलात तरी डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या कार्डानं घ्या ना. तेवढं दहा मिनिटांचं काम आहे. माझ्यासारखे स्टिकर चिकटवू नका.

तो मुलगा तसा वाईट नव्हता म्हणा. पहिल्या वेळी आमच्याकडं आला तेव्हा सासूबाईंनी त्याला मेतकूट-भात वाढलेला, दोनदा मागून खाल्ला. नोकरी लागली असेल, विसरला असेल. पण फोन तर उचलायचा!

भाच्याचं आणखी एक राहिलं सांगायचं. हसून झाल्यावर तो म्हणाला, "मावशी, फोन नंबर कुठंय? पार खाली जावं लागतं." तेव्हा मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. आत्ता पोस्ट लिहिता लिहिता दुसऱ्या टॅबमध्ये बसून नंबर वर घेतलाय, मोठ्या अक्षरात. मोबाईलवर नीट दिसतोय का तेवढं बघून सांगा कुणीतरी. त्याला सांगू नका.